वाइन्सबर्ग, बनगरवाडी आणि आपली वसाहत

१

एखाद्या लहान गावाचे आणि त्यातील माणसांचे चित्र काढणे हा साहित्यातला जुना आणि वरवर पाहता सोपा उद्योग आहे. गाव ठरलेले असते, माणसे ठरलेली असतात. लेखकाने एकेकाला समोर बसवावे, त्याचे बोलणे-चालणे टिपून घ्यावे, आणि अशी पंधरा-वीस माणसे जमली की गाव उभे राहिले असे मानावे. या वाटेने झालेले लेखन मराठीत विपुल आहे. परंतु त्यातील बरेचसे आज इतके निर्जीव वाटते की या सोपेपणाविषयीच शंका घ्यावी. माणसे तीच, बोलीही तीच. तरीही एका पुस्तकातले गाव मनात घर करते आणि दुसऱ्यातले शेवटच्या पानाबरोबर पुसले जाते. हा फरक कोठून येतो?

हा प्रश्न आज आपल्यापुढे एका निकडीच्या रूपात उभा आहे. बेंगळुरूच्या दक्षिण टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत आणि तिच्या आसपास मराठी बोलणारी कुटुंबे आता मोठ्या संख्येने राहतात. त्यांत वाचणारे आहेत, लिहिणारेही आहेत. त्यांच्या बोलण्यात एक विधान हटकून येते: येथे लिहिण्यासारखे गावच नाही. येथे कोणी कोणाला ओळखत नाही, कोणी येथला नाही, या जागेला भूतकाळ नाही. मग चित्र काढायचे ते कशाचे? विधान प्रामाणिक आहे आणि म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे. त्यासाठी मी दोन पुस्तके शेजारी ठेवू इच्छितो. एक, शेरवुड अँडरसन या अमेरिकन लेखकाचे १९१९ साली प्रसिद्ध झालेले ‘वाइन्सबर्ग, ओहायओ’. आणि दुसरे, व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची ‘बनगरवाडी’. दोन्ही लहान पुस्तके आहेत. दोहोंत नायक असा नाही. गाव हाच विषय आहे.

२

वाइन्सबर्ग हे नाव अँडरसनने कल्पिले. त्याच्यामागे जे गाव आहे ते ओहायओ राज्यातील क्लाइड; तेथे त्याचे बालपण गेले. (त्याच राज्यात वाइन्सबर्ग नावाचे एक खरेखुरे जुने खेडेही आहे, पण पुस्तकाशी त्याचा संबंध नाही.) पहिल्या आवृत्तीत या कल्पित गावाचा नकाशाही छापलेला होता: मुख्य रस्ता, रेल्वेस्टेशन, हॉटेल, वर्तमानपत्राची कचेरी. नकाशा पाहून वाचकाची अशी समजूत होते की आपण एका आटोपशीर, परस्परपरिचित, जिव्हाळ्याच्या वस्तीत शिरत आहो.

आत गेल्यावर ही समजूत टिकत नाही. विंग बिडलबॉम हा गृहस्थ गावाच्या कडेला वीस वर्षे राहिला आहे. परंतु गावाला त्याचे खरे नावही ठाऊक नाही. तो दुसऱ्या राज्यात शिक्षक होता. एका भयंकर आरोपापायी लोकांनी त्याला मारून हाकलले. आणि तेव्हापासून आपले बोलके हात तो खिशात लपवीत आला आहे. डॉक्टर रीफी मनात आलेले विचार कागदाच्या चिठोऱ्यांवर लिहितो आणि ते खिशात कोंबतो. होता होता त्यांच्या घट्ट गोळ्या बनतात. ॲलिस हिंडमन दुकानात काम करते आणि शहराकडे निघून गेलेल्या एका तरुणाची वर्षामागून वर्षे वाट पाहते. एका पावसाळी रात्री तिचे एकाकीपण तिला भान विसरून रस्त्यावर आणते, आणि नंतर ती भिंतीकडे तोंड करून पडते. अशी ही माणसे. एका रस्त्यावर राहतात, एकाच दुकानात जातात, एकमेकांची नावे जाणतात. आणि तरीही प्रत्येक जण आपापल्या खोलीत कोंडलेला आहे.

या माणसांना एकत्र बांधणारी एकच गोष्ट पुस्तकात आहे. तेथील लहानशा वर्तमानपत्राचा बातमीदार जॉर्ज विलार्ड हा पोरगेलासा तरुण गावभर हिंडतो, आणि रात्री-बेरात्री एकेक माणूस त्याच्यापाशी येऊन काहीतरी सांगू पाहतो. पुष्कळदा त्यांना नीट सांगता येत नाही. त्यालाही पुष्कळदा नीट कळत नाही. पण तो ऐकतो. शेवटच्या कथेत एप्रिलमधल्या एका सकाळी तो गाडीत बसतो आणि गाव सोडतो. गाव गाव म्हणून आपल्या मनात स्थिर होते ते त्या क्षणी, त्याच्या पाठीमागे.

या पुस्तकात दोष नाही असे नाही. प्रत्येक माणसाने एकेक सत्य कवटाळले आणि त्यामुळे तो विद्रूप झाला, अशी एक उपपत्ती अँडरसन आरंभीच मांडतो, आणि पुढे काही पात्रे त्या उपपत्तीची उदाहरणे म्हणूनच वावरतात. पोटापाण्याचा व्यवहार त्याच्या गावात जेमतेम दिसतो. जणू या माणसांना एकाकी होण्याखेरीज दुसरा धंदा नाही. तथापि एक गोष्ट त्याने कायमची सिद्ध केली. जुन्या, लहान, परस्परपरिचित गावातही माणूस माणसाला ओळखत नाही. लेखकाची गरज तेथेही असते, आणि ती याच कारणाने असते.

३

‘बनगरवाडी’चा प्रवेश उलट दिशेने होतो. जॉर्ज विलार्ड गावातून बाहेर जातो. माडगूळकरांचा तरुण मास्तर बाहेरून गावात येतो. औंध संस्थानातील धनगरांची ही वाडी; मेंढरे हेच तिचे वित्त, आणि पाऊस हाच तिचा धनी. मास्तर पहाटेच्या अंधारात पायी चालत येथे येतो तेव्हा त्याला या वाडीचे काहीच ठाऊक नसते, आणि वाडीलाही त्याची गरज वाटत नसते. शाळा म्हणजे पोरांना मेंढरांमागून ओढून नेणारी एक उपाधी, असेच तिचे मत असते.

मग हा परका माणूस वाडीचा कसा होतो? पुस्तकाचे सारे सामर्थ्य या प्रश्नाच्या उत्तरात आहे. तो उपदेशाने होत नाही, आत्मीयतेच्या उद्गारांनीही होत नाही. तो लोकांच्या बारीकसारीक कामांना पडून होतो. कोणाचे कागद वाचून दे, कोणाचा निरोप पोहोचता कर, तालुक्याला निघाला आहेस तर एवढे करून ये, अशा कामांतून तो गुंतत जातो. अंजीच्या चोळीचे कापड शिवून आणण्याचे साधे काम त्याच्या अंगाशी येते. कारभाऱ्याच्या मनात संशय शिरतो, आणि भल्या माणसांच्या जगातही जवळीक किती नाजूक असते हे एका झटक्यात उघड होते. शेकूच्या बायकोने बैलाच्या जागी जुवाखाली खांदा दिला, हा प्रसंग मराठी वाचक विसरू शकत नाही. पण तो लक्षात राहतो तो माडगूळकरांनी त्याच्यावर एकही अश्रू ढाळला नाही म्हणून. मास्तरने मनावर घेऊन तालमीची इमारत उभी करविली, तिच्यासाठी खुद्द पंत वाडीत आले. आणि पुढे पाऊस नाहीसा झाल्यावर तीच वाडी रिकामी झाली. मेंढरे घेऊन माणसे निघून गेली. मास्तरलाही निघावे लागले.

अँडरसनने जे सोडले ते माडगूळकरांनी धरले: काम, जनावर, पाणी, उपजीविका. उलट अँडरसनने जे धरले ते माडगूळकरांनी बहुतांशी सोडले. मास्तरच्या स्वतःच्या अंतरंगात आपल्याला फारसे डोकावता येत नाही. हा तोल ज्याने त्याने आपापल्या रुचीप्रमाणे ठरवावा. मला महत्त्वाचे वाटते ते दोघांतील साम्य. दोन्ही पुस्तकांत पाहणारा माणूस उंबरठ्यावर उभा आहे. जॉर्ज विलार्ड आतला असून बाहेर निघालेला. मास्तर बाहेरचा असून आत आलेला. पूर्ण आतल्या माणसाला गाव दिसत नाही, कारण तो त्यात बुडालेला असतो. पूर्ण बाहेरच्यालाही दिसत नाही, कारण त्याला ते पाहण्याचे कारण नसते. ‘बनगरवाडी’ला प्रादेशिक कादंबरी म्हणण्याची आपल्याकडे रूढी आहे. ते नाव चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. प्रदेश आणि बोली हाताशी असलेले लेखक पुष्कळ झाले. उंबरठ्यावर इतका वेळ स्थिर उभे राहणारे थोडे.

४

उंबरठ्याच्या या विचाराला एक वेगळा आधार शास्त्रीय लेखनातून मिळतो, आणि तो आपण राहतो त्या प्रदेशातूनच मिळतो. म्हैसूरकडील एका खेड्यात समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली राहून अभ्यास केला. खेड्याला त्यांनी लेखनात रामपुरा हे नाव दिले. पुढे बावीस वर्षांनी, १९७० मध्ये, ते अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे काम करीत असताना त्यांच्या कचेरीला आग लावण्यात आली आणि त्या खेड्याविषयीच्या, वर्षानुवर्षे सिद्ध केलेल्या टिपणांच्या प्रती जळाल्या. एखाद्याने विषय सोडून दिला असता. श्रीनिवासांनी जे स्मरणात उरले त्यावरून पुस्तक लिहिले; आठवणीतले खेडे या अर्थाचेच नाव त्याला दिले, आणि १९७६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आज ते वाचताना जाणवते ते असे की टिपणे जळाल्यामुळे आकडे गेले असतील, पण माणसे उरली. खेड्याचा पुढारी, त्याची ऐट, शेजाऱ्यांतील भांडणे, परक्या विद्वानाला राहायला मिळालेली जागा, हे सारे त्यात एखाद्या कादंबरीसारखे चालते-बोलते आहे.

मराठीत याहून जुने उदाहरण त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाड्या’चे आहे. ते १९१५ साली आले. त्याच वर्षी अमेरिकेत एडगर ली मास्टर्स या कवीने एका गावाच्या दफनभूमीतील मृतांनाच बोलते करणारा काव्यसंग्रह काढला. एकाने बलुत्यांचा आणि हक्कांचा हिशेब मांडला, दुसऱ्याने मनांचा. पण आपले गाव पूर्वीसारखे राहणार नाही ही जाणीव दोघांच्याही मुळाशी आहे. गावाचे चित्र बहुधा गाव हलू लागले की निघते.

आता अँडरसनविषयी एक गोष्ट सांगतो. ती मी मुद्दाम मागे ठेवली होती. ‘वाइन्सबर्ग’मधील कथा त्याने ओहायओत लिहिल्या नाहीत, शिकागो शहरात, भाड्याच्या खोलीत राहत असताना लिहिल्या. आणि पुढे त्याने स्वतःच सांगितले की त्या कथांतील माणसे त्याला बालपणीच्या गावापेक्षा त्या घरातल्या शेजारच्या भाडेकऱ्यांतून मिळाली. अमेरिकन खेड्याचे प्रमाणभूत चित्र म्हणून ज्या पुस्तकाकडे लोक बोट दाखवितात, त्यातील रहिवासी अशा रीतीने एका महानगरातल्या परस्पर अनोळखी भाडोत्र्यांमधून आले. रस्ते क्लाइडचे, माणसे शिकागोच्या जिन्यावरची. ज्याने गाव मागे टाकले आहे आणि जो आता परक्यांच्या शेजारी भाड्याने राहतो आहे, अशा माणसाने हे पुस्तक लिहिले. आपल्यापैकी पुष्कळांची स्थिती याहून वेगळी नाही.

५

या उजेडात आता आपल्या वसाहतीकडे पाहू. तिला भूतकाळ नाही, हे पहिले विधान. कर्नाटक सरकारने १९७६ मध्ये केऑनिक्स हे इलेक्ट्रॉनिक उद्योगांचे महामंडळ स्थापिले. त्याचे पहिले अध्यक्ष रा. कृ. बाळिगा यांनी या वसाहतीची कल्पना मांडली, आणि १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या खेड्यांच्या ३३२ एकर जमिनीवर तिची पायाभरणी झाली. म्हणजे वसाहतीचाच इतिहास आता अर्धशतकाला टेकला आहे. १९९४ मध्ये इन्फोसिस येथे आली. २०१० मध्ये सिल्क बोर्डपासून जवळजवळ दहा किलोमीटरांचा उन्नत मार्ग खुला झाला. २०१३ मध्ये औद्योगिक क्षेत्रासाठी स्वतंत्र नगर-प्राधिकरण आले. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका धावू लागली. येथे नोकरीला लागलेल्या पहिल्या पिढीतली माणसे आता निवृत्त होत आहेत. क्लाइडमधील आपल्या बालपणापासून पुस्तकापर्यंत यायला अँडरसनला जेवढा काळ लागला, त्याहून हा काळ कमी नाही.

आणि हा झाला फक्त वरचा थर. कोनप्पन अग्रहार या नावातला अग्रहार म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेले गाव. आज ते नाव मेट्रोच्या पाटीवर एका कंपनीच्या प्रतिष्ठानाच्या नावाला जोडून लिहिलेले असते. दोन युगांच्या दानांची ही गाठ एका पाटीवर पडलेली आहे, आणि तिच्याखालून आपण रोज जातो. येथून थोड्याच अंतरावर बेगूर आहे. तेथील नागेश्वराच्या देवळात गंगकाळातला, इसवी सन ९०० च्या सुमाराचा एक कन्नड शिलालेख आहे. नागत्तर नावाच्या अधिकाऱ्याच्या पदरचा माणूस बेंगळुरूच्या लढाईत पडला, असे त्यात नमूद आहे. बेंगळुरू या नावाचा हा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख समजला जातो. या महानगराची पहिली नोंद कोणा राजाच्या स्थापनेची नाही. ती एका घरच्या माणसाच्या मरणाची आहे. गाव आणि गावकरी यांचे शब्दचित्र म्हणतात ते या मातीत अकराशे वर्षांपूर्वी सुरू झाले, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरे विधान, येथे कोणी येथला नाही. हे विधान करणारा माणूस ज्याला भाडे देतो तो घरमालक कोण असतो? पुष्कळदा तो याच खेड्यांतील शेतकऱ्याचा मुलगा किंवा नातू असतो. जमीन गेली, उरलेल्या तुकड्यावर चार मजले चढविले, आणि नाचणीचे शेत होते तेथे आता खोल्यांचे पीक निघते. त्या खोल्यांत ओडिशाचा पहारेकरी, होसूर रस्त्यावरच्या शिवणकारखान्यांत जाणारी मुलगी, रात्रपाळीचा अभियंता एका जिन्यावर राहतात. शिकागोतले ते घर याहून निराळे नव्हते. आणि जवळच हुस्कूरला मद्दूरम्मा देवीची जत्रा भरते, तेव्हा आसपासच्या गावांतून शंभर फुटांहून उंच लाकडी रथ बैलांनी ओढीत आणतात. २०२४ मध्ये त्यांतील एक रथ कोसळला. २०२५ मध्ये वादळी वाऱ्याने पुन्हा रथ कोसळले आणि त्यात जीवितहानी झाली. आपण ती बातमी वाचली, हळहळलो आणि पान उलटले. रथ कोणत्या गावाचा होता, कोणी बांधला, इतक्या उंचीचा हट्ट कोठून आला, पडल्यावर त्या गावाने पुढच्या वर्षी काय ठरविले, हे आपण विचारले नाही. माडगूळकरांच्या मास्तरने विचारले असते. आपण ज्याला गाव नाही म्हणतो ते नसते असे नाही. आपण त्याच्यावरून उन्नत मार्गाने जातो, एवढेच.

६

याचा अर्थ असा नव्हे की सर्व अडचणी काल्पनिक आहेत. एक अडचण खरी आहे आणि ती भाषेची आहे. मास्तर आणि धनगर यांच्यात शिक्षणाचे अंतर होते, पण दोघे एका भाषेच्या दोन टोकांना उभे होते. आपण कोनप्पन अग्रहारात उभे राहतो तेव्हा मध्ये कन्नड येते, काही घरांतून तेलुगूही येते. ज्याला शेजाऱ्याचा विनोद कळत नाही त्याला शेजाऱ्याचे चित्र काढता येणार नाही. फार तर पोशाखाचे वर्णन करता येईल. दहा-दहा वर्षे येथे राहून भाजीवाल्याशी मोडक्या हिंदीत बोलणारे आपण, आपल्याला येथे माणसे भेटत नाहीत अशी तक्रार करतो, तेव्हा ती तक्रार वसाहतीविरुद्ध नसून आपल्याविरुद्धच असते.

मराठी आणि बेंगळुरू यांच्या संबंधाचा आरंभ असा नव्हता. सतराव्या शतकात बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत असताना त्यांच्या दरबारात जयराम पिंड्ये हा कवी आला. त्याने रचलेले ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी संपादून प्रसिद्ध केले. त्यात दरबारातील कवींच्या तोंडी अनेक भाषांतील रचना आहेत, आणि त्यांत कानडीही आहे. ते काव्य स्तुतिपर आहे, त्याला गावाचे चित्र कोणी म्हणणार नाही. पण या नगरात मराठी माणसाने आल्या-आल्या आपल्या कानावर पडणाऱ्या बोलींना आपल्या पुस्तकात जागा दिली, ही गोष्ट त्याच्यावरून निर्विवाद ठरते. साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतर आपण त्याच नगरात राहून जे लिहितो, त्यात आपल्या मागे राहिलेल्या गावाची आठवण असते, दिवाळीतल्या फराळाची असते, सह्याद्रीतल्या पावसाची असते. आठवण हा काही गुन्हा नव्हे. श्रीनिवासांचे पुस्तक आठवणीवरच उभे आहे. पण त्यांनी जे आठवले ते त्यांनी एकदा त्या खेड्यात राहून, विचारून, ऐकून मिळविलेले होते. आपली आठवण पुष्कळदा न पाहिलेल्या गोष्टींची असते. सुटीत गेलेल्या पोराला आजोबांच्या ओसरीवरून जेवढे गाव दिसते, तेवढेच ते असते. आणि त्या ओसरीपुढे आपण या वसाहतीला प्रतीक्षालयाची किंमत देतो.

याचे मोल साहित्यापुरतेच नाही. वसाहतीतली आपली मुले जन्माने येथली आहेत. त्यांना आजोळाचे गाव सुटीपुरते माहीत आहे, आणि राहत्या गावाचे चित्र घरातल्या भाषेत कोणी काढलेले नाही. मराठीत ज्या जागेला शब्द नाहीत त्या जागेत मराठी फार दिवस राहणार नाही. भाषा टिकावी म्हणून आपण वर्ग चालवितो, स्पर्धा भरवितो. ते योग्यच आहे. पण मुलाच्या भाषेत त्याचा जिना, त्याचा घरमालक, त्याच्या रस्त्यावरची जत्रा नसेल, तर ती भाषा त्याला पाठ होईल, राहायला मिळणार नाही.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊन मी असे म्हणेन, की मनात राहणारे गाव आणि पुसले जाणारे गाव यांतील फरक गावाच्या वयाचा नाही, त्याच्या जिव्हाळ्याचाही नाही. वाइन्सबर्गला जिव्हाळा नव्हता, बनगरवाडी तर एका दुष्काळात रिकामी झाली. दोन्ही गावांना फक्त एक ऐकणारा मिळाला. इलेक्ट्रॉनिक सिटीला तो मराठीत मिळेल की नाही हे सांगता येत नाही. मिळायचा असेल, तर त्याने प्रथम कन्नड शिकावे, आणि महिनाअखेरीस भाडे देताना खाली घरमालकाच्या ओट्यावर थोडे बसावे. मास्तरची सुरुवात याहून मोठी नव्हती.